दोन दारांच्या आतली बोली

कान तपासायची नोकरी केली असं सांगितलं की लोक लगेच मान तिरकी करून कान पुढे करतात. "बघा बरं, मळ दिसते काय?" बसमध्ये, लग्नात, एकदा तर एका तेरवीच्या पंगतीत शेजारच्या बाईंनी हातातला घास तसाच ठेवून कान दाखवला. मळ काढणं माझं काम नव्हतं, ते कानाच्या डॉक्टरांचं. कुणाला किती ऐकू येतं ते मोजणं हे माझं काम. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी ऑडिओमेट्रिस्ट होते. हा शब्द तिथल्या कुणालाही शेवटपर्यंत धड म्हणता आला नाही. आमचा शिपाई मला 'ऑडिटवाल्या मॅडम' म्हणायचा आणि नवीन आलेले कारकून उगाच घाबरून उभे राहायचे. पेशंट मात्र सरळ 'कानवाल्या बाई' म्हणायचे. मला तेच आवडायचं.

काम कसं चालतं ते आधी सांगते. एक छोटी बंद खोली असते. भिंतींना आतून भोकांचे तक्ते, एकामागे एक दोन जाड दारं आणि मध्ये काचेची खिडकी. दोन्ही दारं लागली की बाहेरचा गोंगाट असा तुटतो की आत बसलेल्याला आपलाच श्वास ऐकू येतो. म्हाताऱ्या बाया आत जायला घाबरायच्या. "बाई, आतमंदी करंट तं नाही ना लागत?" मी सांगायची, करंट नाही, फक्त टूं टूं ऐकू येतं. पेशंटच्या कानांवर हेडफोन, हातात बटण. मी काचेच्या बाहेर मशीनपाशी. आवाज बारीक बारीक करत जायचा आणि जिथं त्यानं बटण दाबायचं थांबवलं तिथं खूण करायची. आत काय बोललं जातं ते मला ऐकू यावं म्हणून आत एक माईक असतो, तो कायम चालू.

लहान मुलांना बटणाचं कळत नाही. त्यांच्यासाठी मशीनच्या कंपनीनं रंगीत प्लास्टिकच्या रिंगा दिल्या होत्या, त्या पहिल्याच वर्षात मुलांनी घरी नेल्या. मग मी चिंचोके आणले. आवाज आला की एक चिंचोका स्टीलच्या वाटीत टाकायचा. मुलांना वाटायचं खेळ आहे. सरकारी सामानापेक्षा माझे चिंचोके जास्त टिकले, एवढं मी अभिमानानं सांगू शकते.

टूं टूं झाल्यावर दुसरी तपासणी शब्दांची. हेडफोनमधून शब्द ऐकवायचे आणि पेशंटनं ते परत म्हणायचे. ही तपासणी वरवर सोपी, पण माझ्या सगळ्या नोकरीत मला जे काही कळलं ते हिच्यातूनच कळलं.

वणीकडच्या कोळसा खाणीवर डंपर चालवणारे एक ड्रायव्हर यायचे. मूळचे उत्तरेकडचे, पण वणीला आयुष्य गेलेलं. कान खाणीच्या आवाजानं गेलेले. मी मराठी शब्द लावले तर निम्मे चुकले. हेडफोन काढून, दारं उघडून ते ओरडले, कारण त्यांना सगळं ओरडूनच बोलायची सवय, "मॅडम, हिंदी में पूछो. मराठी में कम सुनाई देता है!" बाहेरची रांग खो खो हसली. मीही हसले. पण हिंदीत विचारलं तर खरोखरच जवळजवळ सगळे शब्द बरोबर आले. त्यात गंमत काहीच नव्हती. कमी ऐकू येणारा माणूस निम्मा शब्द कानानं ऐकतो आणि उरलेला डोक्यानं भरून काढतो. ते भरून काढणं आपल्या भाषेत जमतं, परक्या भाषेत नाही. तेव्हा मी हे असं नीट मांडू शकले नसते, पण ती गोष्ट मनात राहिली.

पुढे दिग्रसकडच्या एका तांड्यावरच्या बंजारा आजी आल्या, सोबत नातू आणि सून. नातू शहरात नोकरीला लागलेला, इस्त्रीच्या शर्टातला. "मॅडम, कानापेक्षा डोक्याचाच प्रॉब्लेम आहे. काही विचारलं तर भलतंच सांगते." मी मराठी शब्द लावले. आजी प्रत्येक शब्दाला "हाव बाई, हाव बाई" म्हणून मान डोलावत राहिल्या. नातवानं माझ्याकडे 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' असं पाहिलं. मी सुनेला म्हटलं, तुम्ही माझ्या जागी बसा, तोंड दिसणार नाही असं बसा आणि तुमच्या गोरबोलीतले घरातले साधे शब्द बोला. सून लाजत म्हणाली, "इथं? दवाखान्यात?" मी म्हटलं, इथंच. तिनं 'याडी' म्हणून हाक मारली, म्हणजे आई, आणि आतून आजींचा असा खणखणीत जवाब आला की मशीनवरची आवाजाची सुई दचकली. मग एकेक शब्द आजी परत म्हणत गेल्या. डोकं शाबूत होतं. ऐकायचं मशीन कानाला लावून आजी गेल्या तेव्हा नातू पुढे आणि आजी मागे अशी वरात होती, आणि आजी त्याला मागून मोठमोठ्यानं काहीतरी सुनावत होत्या. काय ते मला कळलं नाही, पण त्याचे कान लाल झालेले मी पाहिले.

तेव्हापासून मी नियमच केला. शब्दांची तपासणी घरच्या माणसाच्या तोंडून आणि घरच्या बोलीत. सरकारी पद्धतीत हे बसत नव्हतं. मी बसवलं.

यात माझंही दुखणं होतं, ते सांगायला हवं. मी नेरची, याच जिल्ह्यातली. आमच्या मोहल्ल्यात सगळी बौद्ध घरं, वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. घरात शिकण्याचा एवढा ध्यास की लाइट गेली तरी पुस्तक मिटायची सवलत नव्हती. या कोर्ससाठी मी मुंबईला गेले आणि पहिल्याच दिवशी वर्गात उठून म्हणाले, "मॅडम, मले समजलं नाही." वर्ग हसला. न समजण्याला कुणी हसलं नाही, 'मले'ला हसले. त्यानंतर एका मुलीनं गोड आवाजात विचारलं, "तुम्ही कुठल्या?" मी गाव सांगितलं. "तसं नाही, म्हणजे कुठल्या?" तिला काय विचारायचं होतं ते मला कळलं होतं आणि मला कळलंय हे तिलाही कळलं होतं. एका 'मले'वरून तिनं माझं घर, जात, ऐपत आणि अक्कल असं सगळं मोजून टाकलं होतं, आणि तेही मशीन न लावता. महिन्याभरात मी 'मला' म्हणायला शिकले. इतकं छान शिकले की पुढे दवाखान्यात लोक विचारायचे, "मॅडम, तुम्ही पुण्याच्या का?" आणि मी नुसतं हसून सोडून द्यायचे. वऱ्हाडी मी घरी बोलायची, भावाशी फोनवर बोलायची. ऑफिसात कधीच नाही. माझ्या खुर्चीवर बसून मी एक शब्द वऱ्हाडीत काढला नव्हता. तो दिवस येईपर्यंत.

तो बुधवार होता. बुधवारी आमच्याकडे अपंगत्वाचे दाखले मिळतात, म्हणून व्हरांडा माणसांनी भरलेला. झरीकडच्या डोंगरातल्या एका पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, एक जोडपं आलं होतं. नवऱ्याचं नाव लेतू, बायको भीमाबाई. मध्ये त्यांची मुलगी जमना, सातआठ वर्षांची, तेल लावून चापूनचोपून दोन वेण्या घातलेली. सोबत पायथ्याच्या गावातल्या तिच्या शाळेचे गुरुजी. गुरुजी तरुण होते, पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेले, प्रवासानं शिणलेले.

"मॅडम, मुलगी मूकबधिर आहे," गुरुजी म्हणाले. "शाळेत आल्यापासून एक अक्षर बोललेली नाही. हाक मारली तर बघत नाही. मारत नाही हो मी कुणाला, पण गावातली मुलं तिला मुकी म्हणायला लागलीत. दाखला मिळाला तर अमरावतीकडे निवासी शाळेत हिची सोय होईल. हिच्या भल्यासाठीच आलोय."

मी लेतूकडे पाहिलं. तो बांबूच्या टोपल्या विणणारा माणूस, बोटांवर बारीक काप. तो खाली बघत म्हणाला, "गुरुजी सांगते ते बराबर आसन. डोस्कं नाही तिले."

भीमाबाईंनी जमनाचा हात पकडून ठेवला होता.

मी जमनाला आत बसवलं, वाटी आणि चिंचोके दिले, हातानं खुणेनं खेळ दाखवला. तिला तो पहिल्याच वेळी समजला. मी आवाज दिला, चिंचोका पडला. कमी केला, पडला. आणखी कमी केला. जो आवाज काही वर्षांपासून मला स्वतःलाच नीट ऐकू येत नव्हता त्यालाही चिंचोका पडला. या मुलीचे कान माझ्यापेक्षा चांगले होते.

मी कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले. आमचे डॉक्टर भला माणूस, पण बुधवारी त्यांच्या टेबलासमोर एवढी गर्दी असायची की भलेपणाला बसायला जागा नसायची. त्यांनी आलेख पाहिला. "कान नॉर्मल. मग बोलत का नाही? मग हे मतिमंदत्वाकडे जाईल, बाई. पुढच्या खोलीत पाठवा."

पुढची खोली म्हणजे बुद्धी तपासायची खोली. तिथं प्रश्न मराठीत विचारतात. एकदा तिथून शिक्का बसला की तो जन्मभराचा. मुलगी अमरावतीला जाईल, अशा शाळेत जिथं तिच्या बोलीचं एकही माणूस नसेल, आणि तिथंही ती गप्पच राहील. मला पुढचं सगळं समोर दिसलं. मी म्हटलं, "सर, माझी शब्दांची तपासणी राहिली आहे. ती झाल्याशिवाय मी मुलगी सोडणार नाही."

ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ देतो. बोलत नाही याचं कारण आणून द्या. तुम्ही सांगाल ते मी लिहीन, पण मला दिसलं पाहिजे."

मी भीमाबाईंना आत जमनाजवळ बसवलं आणि म्हटलं, हिच्याशी तुमच्या बोलीत बोला. त्यांनी मान हलवली आणि गप्प बसून राहिल्या. मी दार उघडून पुन्हा सांगितलं. पुन्हा मान हलली, तोंड उघडलं नाही. तेवढ्यात सिस्टर मला बोलवायला आली, बाहेर कुणाच्या तरी कानातल्या मशीनचं बटण अडकलं होतं. मी दोन्ही दारं तशीच लावून गेले. परत येऊन माईकचे हेडफोन कानाला लावले आणि उभीच राहिले.

आत कुणीतरी बोलत होतं. पटापट, न थांबता, मध्येच हसून. मी काचेतून पाहिलं. जमना चिंचोके एकापुढे एक मांडत होती आणि आईला काहीतरी सांगत होती. हात वर करून, डोळे मोठे करून. मध्येच तिनं गुरुजींसारखी कमरेवर हात ठेवून ऐट केली आणि आई पदर तोंडाला लावून हसली. मला एक शब्द कळत नव्हता. पण एवढं भरभर बोलणारं मूल मी त्या खोलीत आधी पाहिलं नव्हतं. मग भीमाबाईंची नजर काचेकडे गेली. मी दिसले. त्यांनी मुलीच्या तोंडावर हात ठेवला.

मी आत गेले. जमना पुन्हा दगडासारखी गप्प. मी आईच्या शेजारी खाली बसले आणि विचारलं, "ही बोलते तर. मग बाहेर का नाही?"

त्यांनी आधी दारं लागलीत का ते पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "बाहीर बोलू नोको सांगतलं हाये तिले. तिच्या बापानं."

लेतूला मी बाजूला बाकावर बसवलं. आधी तो काहीच कबूल करेना. मग एकदम म्हणाला, "मले लायनपनी बजारात बापासंगं नेलतं. बाप मले आमच्या बोलीत काहीतरी सांगत होता. दुकानदारानं आमची नक्कल केली. सारा बजार हासला. जंगली, म्हणे. माहा बाप त्यायच्यासंगं हासला, बाई. सोता हासला." त्यानं बोटांवरचे काप चोळले. "मंग म्या ठरवलं, माह्या पोरीले कोणी हासाव नाही. तिले सांगतलं, शाळा, बजार, दवाखाना, तिथं आपली बोली काढाची नाही. मराठीतच बोलाचं."

"पण तिला मराठी येते कुठं?"

"शाळेत शिकन म्हटलं."

मी डोक्याला हात लावला. बापानं सांगितलं मराठीत बोल. मराठी येत नव्हती, म्हणून पोर ती येईपर्यंत थांबली होती. शाळा ती बोलायची वाट बघत होती आणि ती मराठीची. हाक मारली तर बघत नव्हती, कारण बघितलं की उत्तर द्यावं लागतं. डोकं नाही म्हणे! मोठी माणसं एक दिवस गप्प राहू शकत नाहीत. या पोरीनं बापाचा शब्द पाळायचा म्हणून मुकी हे नाव घेतलं होतं.

आता सोपा रस्ता असा होता की डॉक्टरांना बोलवायचं, हेडफोन द्यायचे, मायलेकींना पुन्हा दारांआड बसवायचं. डॉक्टरांनी ऐकलं असतं आणि काम झालं असतं. मी दारापर्यंत गेलेही. आणि मग माझेच पाय थांबले. दोन जाड दारांच्या आत, कुणी ऐकत नाही असं समजून, तिनं चोरून बोलायचं आणि आम्ही ते चोरून ऐकायचं. म्हणजे लेतूचाच नियम पक्का. कागद मिळाला असता, पण उद्या शाळेत ती पुन्हा गप्पच बसली असती. तो नियम ज्यानं घातला होता त्यानंच उठवायला हवा होता, आणि ज्या जागांसाठी घातला होता तिथं, म्हणजे चार लोकांत. मी ठरवलं, व्हरांड्यात. डॉक्टर, गुरुजी आणि सगळ्या रांगेसमोर.

लेतूनं ऐकलं आणि उठूनच उभा राहिला. "नाही जमणार. दाखला देत असान तं द्या, नाही तं जातो आमी."

"तुमच्या मुलीला मतिमंद लिहितील."

"लिहू द्या. हासनार तं नाही."

डॉक्टर दारात येऊन उभे होते, सुट्टी होत आली होती. गुरुजी घड्याळ बघत होते. माझ्याकडे पटवायला दुसरं काही उरलं नव्हतं. माझ्या छान, धुतलेल्या मराठीत मी त्याला आणखी काही सांगितलं असतं तर ते त्याला साहेबाच्या हुकमासारखंच लागलं असतं. आणि मग माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून काढलं नव्हतं.

"भाऊ, काहून भेता?" मी म्हटलं. "मी नेरची हाओ. मलेबी हासले हायेत. मी मुंबईले गेलती शिकाले, पयल्या दिवशी 'मले' म्हटलं तं सारा वर्ग हासला. तवापासून मी या हापिसात माही बोली काढली नाही. आज काढून राह्यली, तुमच्यापायी. पाहा, सारे आयकून राह्यले. हासू द्या ना. हासून हासून किती हासतीन?"

आमचा शिपाई तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होता. डॉक्टरांनी चष्मा काढला. माझे कान तापले होते, हे कान तपासणाऱ्या बाईनं सांगायला हरकत नाही.

लेतूनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा रांगेकडे. मग तो जमनासमोर उकिडवा बसला आणि कोलामीत काहीतरी बोलला. आवाज इतका बारीक की माझ्या मशीनलाही शोधावा लागला असता. जमनानं त्याच्याकडे पाहिलं आणि मग त्या खोलीच्या उघड्या दारांकडे. तिनं बोट दाखवून नुसत्या नजरेनं विचारलं, आत जाऊन का? लेतूनं मान हलवली, नाही. इथंच.

तिनं उत्तर दिलं. एकच शब्द.

रांगेत कानाला रुमाल बांधलेला एक पोरगा फिस्सकन हसला. मी वळले, पण मला काही बोलावंच लागलं नाही. लेतूची मान वर आली होती. मला वाटलं, आता हा पोरीचा हात धरून निघून जाणार. त्यानं पुढचा प्रश्न विचारला, आधीपेक्षा मोठ्यानं. तिनंही मोठ्यानं उत्तर दिलं. मग त्यानं आणखी मोठ्यानं विचारलं, आणि बापलेकीचं ते बोलणं असं सुरू झालं की 'शांतता राखा' या पाटीखाली सगळा व्हरांडा ते ऐकत उभा राहिला. भीमाबाई भिंतीला टेकून रडत होत्या. मीही रडत होते, उगाच नाकारण्यात अर्थ नाही.

डॉक्टर म्हणाले, "काय विचारतोय तो?"

लेतूनंच सांगितलं, मराठीत. "घरी बकऱ्या किती, कोनती लंगडते, येता येता गाडीतून काय काय दिसलं, ते पुसलं. सारं सांगते ती."

डॉक्टरांनी तिथंच उभ्यानं कागदावर लिहिलं. श्रवणशक्ती उत्तम, मातृभाषेत बोलणे व्यवस्थित, दाखल्याची गरज नाही. मग पेन थांबवून लेतूला विचारलं, "मातृभाषा काय लिहू?" त्यानं आधी मला विचारावं तसं पाहिलं. मी मान डॉक्टरांकडे वळवली. तो म्हणाला, "कोलामी." डॉक्टरांनी ते शब्दाखाली रेघ मारून लिहिलं.

गुरुजी मात्र कोपऱ्यात अवघडून उभे होते. नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मॅडम, मला कोलामी येत नाही. मी तिला शिकवू कसं? खरं सांगू का, इथं आलो तेव्हा मला 'काहून' म्हणजे 'का' आणि 'कायले' म्हणजे 'कशाला' एवढंसुद्धा कळायचं नाही. पोरं मला हसायची. मी घरी जाऊन बदलीचा अर्ज लिहायचो." मला त्यांचा राग येत होता तो तिथंच निवला. हसू कुणालाच चुकलेलं नव्हतं. मी म्हटलं, "तुम्हाला कोलामी आली नाही तरी चालेल. तिला वर्गात तिच्या बोलीत उत्तर देऊ द्या. पोडावरची एखादी मोठी मुलगी शेजारी बसवा, ती तुम्हाला सांगेल. आणि कुणी हसलं तर तुमची बदलीच्या अर्जाची गोष्ट वर्गाला सांगा." ते हसले. पहिल्यांदाच हसले असावेत त्या दिवसात.

त्या बुधवारनंतर मी ऑफिसात वऱ्हाडी बोलू लागले. सगळ्यांशी नाही, उगाच शूरपणा नाही. पण खेड्यावरून आलेल्या पेशंटशी हटकून. काही सहकाऱ्यांना वाटलं मॅडम निवृत्तीजवळ आल्या, आता ढिल्या पडल्या. एकीनं विचारलंही, "तुम्ही पुण्याच्या ना?" मी म्हटलं, "नाही बाई, नेरची." तिनं 'अस्सं' म्हणताना माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. ती नजर मला मुंबईपासून ओळखीची होती. यावेळी मी ती तिच्याकडेच राहू दिली.

मला खंत आहे ती वेगळी. मी निवृत्त झाले आणि माझी जागा अजून भरलेली नाही. त्या खोलीत आता सलाईनचे खोके ठेवतात असं ऐकते. कोलामी मी चार-पाच शब्दांपलीकडे शिकले नाही. वेळ नव्हता हे खरं, पण सगळंच खरं नव्हे. जमनासारखी किती मुलं बुधवारच्या गर्दीत पुढच्या खोलीत गेली असतील हे मला माहीत नाही. म्हणूनच हे लिहिते आहे. ज्यांच्या टेबलावर अशी मुलं येतात त्यांनी वाचावं म्हणून. शिक्का मारायच्या आधी त्या मुलाशी त्याच्या घरच्या माणसाला, त्याच्या घरच्या बोलीत, दार उघडं ठेवून बोलायला सांगा. एवढंच करा.

निवृत्तीच्या आधी माझं शेवटचं शिबिर झालं ते त्याच गुरुजींच्या शाळेत. बदली त्यांनी घेतली नव्हती. मी लहान मशीन आणि चिंचोक्यांची पिशवी घेऊन गेले. एक उंच झालेली, दोन वेण्यांची मुलगी माझी पिशवी घेऊन पुढे झाली. मी ओळखलं नाही. "जमना," ती म्हणाली, आणि मग वऱ्हाडीत, "चिंचोके तेच हायेत काय?" लहान मुलांना खेळ समजावून सांगायचं काम तिनं मला विचारल्याशिवाय आपल्याकडे घेतलं. कुणाला कोलामीत, कुणाला मराठीत, एका तांड्यावरच्या मुलाला चार शब्द गोरबोलीतसुद्धा.

शेवटी एक नवीन आलेला मुलगा राहिला. पोडावरचा, नाव पुकारलं तरी खाली बघणारा. नव्यानं रुजू झालेल्या शिक्षिका माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मॅडम, याचं लिहून घ्या. मुका वाटतो."

मी काही बोलायच्या आत जमना म्हणाली, "मुका नाही मॅडम. त्याले घरून सांगून देलं आसन."

मग ती त्याच्यासमोर उकिडवी बसली, बरोबर तिच्या बापासारखी, आणि सगळ्या शाळेसमोर मोठ्यानं कोलामीत बोलू लागली.